मेंदूतल्या ४००५ जोडण्या आणि करेक्शनचा तिढा

टिटवी
नमस्कार मंडळी. इथे संख्याशास्त्रातले जाणकार बरेच आहेत, म्हणून धागा काढतेय.

माझं काम विश्रांत अवस्थेतल्या एफएमआरआयवर (माणूस काही न करता पडून असताना घेतलेलं मेंदूचं स्कॅन) आहे. रुग्ण आणि निरोगी असे दोन गट, दोन्हीकडे तीसेक माणसं. एएएल अ‍ॅटलासप्रमाणे (मेंदूचा एक ठरलेला नकाशा) मेंदूचे ९० भाग घेतले, प्रत्येक भागाचा सरासरी सिग्नल काढला, प्रत्येक जोडीचं कोरिलेशन (दोन सिग्नल किती सोबतीने चढतात-उतरतात) काढून त्याचं फिशर झेड रूपांतर केलं. ९० भागांच्या जोड्या होतात ४००५. प्रत्येक जोडणीवर दोन गटांच्या सरासरींची तुलना करणारी टी-टेस्ट.

आता तिढा असा. करेक्शन (एकदम अनेक टेस्ट केल्याची भरपाई) न करता पी (फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ ला कापलं तर जोडण्याच जोडण्या. बॉनफेरोनी लावलं की पाटी कोरी. एफडीआर लावलं तरी कोरीच. मग एनबीएस लावलं. टीचा थ्रेशोल्ड (उंबरठा) २ ठेवला तर अख्ख्या मेंदूभर पसरलेलं एक अवाढव्य जाळं मिळतं, पण त्याचा पी बसत नाही. ३ ठेवला तर नेटकं जाळं आणि पी ०.०४१. ३.५ ठेवला तर पुन्हा काहीच नाही. गाईड म्हणतात, ३ चं घे आणि पेपर लिहायला लाग. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे त्यांच्यापुढे मुद्देसूद मांडता येत नाहीये. यात बरोबर करेक्शन कुठलं?

जिज्ञासू७
वाचतोय. एनबीएस म्हणजे काय ते कोणीतरी आमच्यासारख्यांसाठी सांगा.

आकडेमोड
धागा काढलात ते छान केलंत, टिटवी. आधी करेक्शन का लागतं ते थोडक्यात, म्हणजे जिज्ञासूंनाही पुढचं लागेल.

दोन गटांत खरा फरक शून्य आहे असं धरा. तरी ४००५ टेस्ट केल्यावर ०.०५ च्या हिशेबाने सरासरी २०० जोडण्या निव्वळ योगायोगाने 'सिग्निफिकंट' ठरणार. तुम्हाला मिळालेल्या भरपूर जोडण्यांतल्या खऱ्या किती आणि या फुकटच्या किती, हे यादीकडे बघून ओळखता येत नाही. बॉनफेरोनी म्हणतं की एकही खोटी जोडणी शिरण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या आत ठेवा. त्यासाठी प्रत्येक जोडणीला ०.०५ भागिले ४००५, म्हणजे साधारण ०.००००१२५ च्या आत यावं लागतं. तीसेक माणसांच्या गटांत एखादी जोडणी तिथवर पोचली तर नशीबच.

एफडीआर (फॉल्स डिस्कव्हरी रेट) वेगळा प्रश्न विचारतं. बेंजामिनी आणि हॉखबर्ग यांची १९९५ ची पद्धत. ती म्हणते, खोट्या जोडण्या शिरल्या तरी चालेल, पण तुम्ही जाहीर केलेल्या यादीत त्यांचं प्रमाण सरासरीने ५ टक्क्यांच्या वर जाऊ नये. सगळे पी चढत्या क्रमाने लावायचे आणि क्रमांक गुणिले ०.०५ भागिले ४००५ या रेषेखाली शेवटचा कोण बसतो ते बघायचं. १०० वी जोडणी पास व्हायला तिचा पी ०.००१२५ च्या आत हवा. परिणाम सौम्य पण बऱ्याच जोडण्यांवर पसरलेला असेल तर असे १०० पी मिळतच नाहीत. तुमचं तेच झालेलं दिसतंय.

पारिजात
आकडेमोड यांना +१. एक पुरवणी. बेंजामिनी-हॉखबर्गची हमी टेस्ट एकमेकींपासून स्वतंत्र असतील किंवा त्यांच्यातलं अवलंबन एका ठरावीक सकारात्मक प्रकारचं असेल तर आहे. आपल्या जोडण्या स्वतंत्र मुळीच नाहीत, एकाच भागातून ८९ जोडण्या निघतात. कसलंही अवलंबन चालेल अशी बेंजामिनी-येकुटिएलीची २००१ ची आवृत्ती आहे, पण ४००५ टेस्टना ती जवळपास नऊपट कडक पडते. व्यवहारात बहुतेक जण साधी आवृत्तीच वापरतात आणि ती बऱ्यापैकी टिकते.

सोनकी
जिज्ञासू७, एनबीएसबद्दल सांगते. झालेस्की, फॉर्निटो आणि बुलमोर यांनी २०१० मध्ये मांडलेली पद्धत, नेटवर्क-बेस्ड स्टॅटिस्टिक. कल्पना सुटसुटीत आहे. प्रत्येक जोडणीची टी काढा. एक थ्रेशोल्ड ठरवा, समजा ३. त्यावरच्या जोडण्या ठेवा, बाकीच्या पुसून टाका. उरलेल्या जोडण्या एकमेकींना लागून जी जाळी बनतात ती मोजा, सगळ्यात मोठ्या जाळ्यात किती जोडण्या आहेत ते टिपून ठेवा. मग 'रुग्ण' आणि 'निरोगी' या चिठ्ठ्या माणसांमध्ये आंधळेपणाने अदलाबदल करा आणि हेच सगळं पुन्हा करा. असं हजारो वेळा. दर वेळी सगळ्यात मोठं जाळं केवढं निघालं ते लिहायचं. तुमचं खरं जाळं या योगायोगाच्या जाळ्यांपैकी ९५ टक्क्यांहून मोठं असेल तर ते सिग्निफिकंट.

यात ४००५ प्रश्नांचा एकच प्रश्न होतो, 'एवढं मोठं जाळं योगायोगाने तयार होईल का?' म्हणून ताकद वाढते. पण किंमतही मोजावी लागते. जाळं सिग्निफिकंट ठरलं म्हणजे त्यातली प्रत्येक जोडणी सिग्निफिकंट ठरली असं नाही. सभागृहाच्या त्या कोपऱ्यातून शिट्टी आली हे नक्की, कोणी वाजवली ते सांगता येत नाही. आणि पेपरांत काय लिहिलेलं असतं? 'एनबीएसने डाव्या हिप्पोकॅम्पस आणि पोस्टिरिअर सिंग्युलेटमधली जोडणी क्षीण असल्याचं सिद्ध झालं.' असं वाक्य एनबीएसच्या जोरावर लिहिताच येत नाही. मला याची मनापासून चीड येते, कारण पुढचा संशोधक तीच एक जोडणी उचलून त्यावर स्वतःचा अभ्यास उभा करतो.

जिज्ञासू७
सोनकीताई, आत्ता कळलं. धन्यवाद!

चिवट
मेलेल्या माशाची गोष्ट अजून कोणी कशी काढली नाही?

पारिजात
तुम्ही काढलीत ना, आता सांगाच चिवटराव :)

चिवट
सांगतो. क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी एक मेलेला अटलांटिक सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांचे निरनिराळ्या प्रसंगांतले फोटो दाखवले आणि फोटोतल्या माणसाला काय वाटत असेल असं रीतसर विचारलं. करेक्शन न करता विश्लेषण केल्यावर माशाच्या मेंदूत 'सक्रिय' ठिपके निघाले. करेक्शन केल्यावर ते गेले. २००९ मध्ये त्यांनी हे पोस्टर म्हणून मांडलं आणि २०१२ मध्ये त्याला इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) मिळालं.

सोनकी
गोष्ट बरोबर आहे, फक्त तिचा चुकीचा अर्थ फार फिरतो. 'एफएमआरआय म्हणजे थोतांड' असं त्या लोकांनी म्हटलेलं नाही. करेक्शनच्या पद्धती हाताशी असताना त्या न वापरणं चूक आहे, एवढाच त्यांचा मुद्दा.

आणि करेक्शन केलं म्हणजे सुटलो असंही नाही. एकलुंड, निकोल्स आणि क्नुटसन यांनी २०१६ मध्ये दाखवलं की प्रचलित सॉफ्टवेअरमधल्या क्लस्टर (लागून असलेल्या ठिपक्यांचे पुंजके मोजणाऱ्या) पद्धतींत ५ टक्क्यांच्या जागी काही परिस्थितींत ७० टक्क्यांपर्यंत खोटे निकाल येऊ शकतात. कारण त्या पद्धतींनी सिग्नलच्या पसरटपणाबद्दल धरलेली गृहीतकं प्रत्यक्षात जुळत नव्हती. परम्युटेशनवाली, म्हणजे चिठ्ठ्यांची अदलाबदल करणारी पद्धत मात्र त्या चाचणीत बव्हंशी तगली. एनबीएस परम्युटेशनवरच चालतं, ही त्याची जमेची बाजू.

गणितकन्या
टिटवी, २ च्या थ्रेशोल्डला अवाढव्य जाळं का मिळालं, यात एक सुंदर गणित आहे.

तुमच्या नमुन्याला टी २ म्हणजे एकतर्फी (फरकाची एकच दिशा बघणारा) पी साधारण ०.०२५. म्हणजे काहीच फरक नसताना ४००५ पैकी १०० जोडण्या पार होणार. आता ९० बिंदू घ्या आणि त्यांच्यात १०० रेघा वाटेल तशा मारा. एर्डोश आणि रेन्यी यांनी १९६० च्या सुमारास सिद्ध केलं आहे की रेघांची संख्या बिंदूंच्या निम्म्याच्या वर गेली, इथे ४५, की एकदम एक महाकाय जाळं तयार होतं आणि बहुतेक बिंदू त्यात ओढले जातात. १०० रेघा म्हणजे आपण त्या सीमेच्या कितीतरी पलीकडे. म्हणून २ ला चिठ्ठ्या कशाही वाटल्या तरी अवाढव्यच जाळं येणार आणि तुमचं खरं जाळं त्यात उठून दिसणार नाही. ३ ला योगायोगाच्या जोडण्या उरतात ८ च्या आसपास, त्या विखुरलेल्या असतात, तिथे खरं जाळं दिसू शकतं. ३.५ ला दोनसुद्धा उरत नाहीत, पण तुमचा सौम्य परिणामही तिथे कापला जातो.

मेंदूतल्या जोडण्या एर्डोश-रेन्यीसारख्या स्वतंत्र नसतात, त्यामुळे ४५ ही काटेकोर सीमा मानू नका. पण २ आणि ३ मध्ये निकाल असा का उलटला, त्याचं कारण हेच असावं.

चिवट
वा! वाचनखूण साठवली.

आकडेमोड
फारच छान, गणितकन्या. हे गणित परिणाम न बघताही करता येतं, हे विशेष. माणसं किती, भाग किती, एवढं माहीत असलं की योगायोगाच्या किती जोडण्या पार होणार ते आधीच कळतं. थ्रेशोल्ड त्यावरून ठरवावा, पी कुठे बसतो त्यावरून नव्हे.

टिटवी, दोन प्रश्न. परम्युटेशन किती केलीत? आणि दोन्ही दिशा तपासल्यात का?

टिटवी
परम्युटेशन १०००. आणि हो, 'रुग्णांत कमी' आणि 'रुग्णांत जास्त' अशा दोन्ही दिशा वेगवेगळ्या चालवल्या. ०.०४१ हा 'कमी'चा आहे.

आकडेमोड
मग गाईडना सांगायला तुमच्याकडे दोन ठोस मुद्दे आहेत.

एक, १००० परम्युटेशनमधून आलेला ०.०४१ हा स्वतःच अंदाज आहे. त्याची चूक साधारण अधिक-उणे ०.०१२. म्हणजे खरा पी ०.०२९ असेल किंवा ०.०५३ असेल. १०,००० करा, चूक ०.००४ च्या आसपास येईल. मशीनला एक रात्र लागेल, लागू द्या.

दोन, एनबीएसच्या टूलबॉक्समधली टी-टेस्ट एकतर्फी असते. दोन्ही दिशा बघितल्यात म्हणजे दोन संधी घेतल्यात, तेव्हा प्रत्येक दिशेला ०.०२५ ची मर्यादा हवी. ०.०४१ तिथे बसत नाही. ४००५ टेस्टचं करेक्शन काळजीपूर्वक करायचं आणि शेवटच्या दोनचं सोडून द्यायचं, असं बऱ्याच छापील पेपरांतही दिसतं. त्यात थ्रेशोल्ड तीन. म्हणजे एकूण सहा संधी, आणि त्यातली एक लागली.

अनवट
मी उपचार करणारा माणूस आहे, संख्याशास्त्रज्ञ नव्हे, तरी विरोधी सूर लावतो.

तुम्ही सगळे खोट्या निकालांनाच घाबरताय. खरा निकाल हातातून निसटला तर त्याचं काय? दुर्मिळ आजाराचे तीस रुग्ण जमवायलाही वर्षं लागतात. त्यावर एवढी कडक चाळण लावून 'काही सापडलं नाही' असं लिहायचं आणि फाईल बंद करायची? रोगपरिस्थितीविज्ञानात रॉथमन यांनी १९९० मध्येच उघडपणे मांडलं होतं की अनेक तुलनांसाठी सरसकट करेक्शन नको. निसर्ग काही यादृच्छिक आकडे फेकत बसलेला नाही. मला हा मुद्दा आजही पटतो.

सोनकी
अनवट, निसटण्याची भीती खरीच आहे आणि तिच्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही, हेही मान्य. पण रॉथमन यांचा मुद्दा मोजक्या, विचारपूर्वक मांडलेल्या तुलनांना जेवढा लागू पडतो तेवढा ४००५ जोडण्या यंत्राने उपसताना पडत नाही, असं माझं मत. आणि त्या २०० फुकटच्या जोडण्यांपैकी एखादीवर उपचाराचं लक्ष्य ठरलं तर त्याची झळ रुग्णालाच बसणार ना?

अनवट
मान्य, पण मग 'काही सापडलं नाही' याऐवजी काय लिहावं तेही सांगा.

सोनकी
सगळंच द्यावं. ४००५ च्या ४००५ जोडण्यांचा परिणाम, त्याची चूक, करेक्शन न केलेले पी, सगळं पुरवणीत. आणि स्वच्छ लिहावं की हे शोधक स्वरूपाचं आहे, यातली कुठलीही एक जोडणी सिद्ध झालेली नाही. दुसऱ्या गटाने तोच आजार तपासला की दोन्ही मॅट्रिक्स (सगळ्या जोडण्यांचे तक्ते) एकत्र करता येतात. तुमचे तीस रुग्ण वाया जात नाहीत, उलट सिग्निफिकंट जोडण्यांची तुटपुंजी यादी छापली तरच ते वाया जातात. मारेक आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये दाखवलं की मेंदू आणि वर्तन यांचे माणसामाणसांतले संबंध भरवशाने पकडायला हजारो माणसं लागतात. रुग्ण विरुद्ध निरोगी यातला फरक त्याहून ठळक असू शकतो, तरी तिसांच्या आकड्यावर शेवटचा शब्द कोणी लिहू नये.

अनवट
हे पटलं.

स्कॅनखोली
मी स्कॅनिंग करतो, गणितात पडत नाही. पण तुम्ही सगळे ज्यावर भांडताय त्याच्या आधीचं सांगतो.

माणूस आडवा झाला की डोक्याच्या दोन्ही बाजूंना आम्ही फोमच्या उशा ठासतो, कॉइलचा पिंजरा वरून लावतो, मानेखाली आधार देतो. तरी तो गिळतो. खोकतो. पायावरची चादर सावरायला हात हलवतो आणि हातामागे हनुवटी हलते. दहाव्या मिनिटाला डुलकी लागते, मान किंचित कलंडते आणि दचकून सरळ होते. बाहेरच्या पडद्यावर हे नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, मागाहून हालचालीचा आलेख काढला की एक टोकदार उंचवटा दिसतो, अर्ध्या मिलिमीटरचा. निरोगी स्वयंसेवक बहुतेक वेळा स्वस्थ पडून राहतो. रुग्णाला कंप असतो, अस्वस्थता असते, पाठ दुखत असते.

दोन गटांची हालचाल वेगळी असेल तर जोडण्याही वेगळ्या दिसणार. ते कुठलं करेक्शन काढून टाकेल?

पारिजात
कुठलंच नाही. या धाग्यातला सगळ्यात मोलाचा प्रतिसाद!

२०१२ मध्ये पॉवर आणि सहकाऱ्यांनी, आणि त्याच वर्षी आणखी दोन गटांनी, हेच दाखवलं. सूक्ष्म हालचालीने जवळजवळच्या भागांतली कोरिलेशन फुगतात आणि दूरदूरची घसरतात. हा पद्धतशीर फरक आहे, योगायोग नव्हे. मल्टिपल कम्पॅरिझन्सचं (अनेक तुलनांचं) करेक्शन योगायोगापासून वाचवतं. हालचालीमुळे आलेलं जाळं एनबीएसमधून दिमाखात पास होईल, कारण ते खरोखरच सगळ्या जोडण्यांवर पसरलेलं असतं. टिटवी, दोन्ही गटांची सरासरी फ्रेमवाइज डिसप्लेसमेंट (एका चित्रापासून पुढच्या चित्रापर्यंत डोकं किती हललं) काढून बघा. आणि मिळालेल्या जाळ्यातल्या जोडण्या लांबच्या आहेत की जवळच्या, तेही.

टिटवी
सरासरी हालचाल रुग्णांत थोडी जास्त आहे. मॉडेलमध्ये वय आणि लिंग घेतलं आहे, हालचाल नाही. आज रात्री ती घालून पुन्हा चालवते. स्कॅनखोली, खूप आभार.

शेवटचा_बाक
अवांतर: २०२० मध्ये ७० गटांना एकच एफएमआरआय डेटा देऊन तीच नऊ गृहीतकं तपासायला सांगितली होती. कुठल्याही दोन गटांची विश्लेषणाची वाट तंतोतंत सारखी निघाली नाही आणि काही गृहीतकांवर निकालांत चांगलीच फाटाफूट होती. थ्रेशोल्ड, अ‍ॅटलास, फिल्टर, ग्लोबल सिग्नल (अख्ख्या मेंदूचा सरासरी सिग्नल) काढायचा की ठेवायचा, हे सगळे फाटे म्हणजे न मोजलेल्या तुलनाच.

गणितकन्या
अवांतर कसलं, हाच तर मुद्दा आहे. ग्राफचे मापदंड (जाळ्याची रचना मोजणारे आकडे) घेतले तर हे आणखी वाढतं. समजा सहा मापदंड, प्रत्येक ९० भागांवर, १० ते ३० टक्के घनतेच्या (शक्य जोडण्यांपैकी किती ठेवल्या) २१ पायऱ्यांवर. झाल्या ११,३४० टेस्ट! मग लोक घनतांवरचं एकच क्षेत्रफळ काढतात, ते योग्यच, पण ५४० उरतातच.

आकडेमोड
मूळ प्रश्नाकडे येऊ. टिटवी, 'बरोबर करेक्शन कुठलं' याला माझं उत्तर असं की निष्कर्षात कुठलं वाक्य लिहायचंय ते आधी सांगा. 'ही विशिष्ट जोडणी बदलली आहे' असं लिहायचं असेल तर बॉनफेरोनी, होल्म (त्याचीच जरा कमी कडक आवृत्ती) किंवा दर वेळी सगळ्यांत मोठी टी घेऊन केलेलं परम्युटेशन. 'या यादीतल्या बहुतेक जोडण्या बदलल्या आहेत' असेल तर एफडीआर. 'एक परस्परांना जोडलेलं जाळं बदललं आहे, आतलं नेमकं सांगत नाही' असेल तर एनबीएस, एकाच आधी ठरवलेल्या थ्रेशोल्डवर. बरं, संशोधनाच्या प्रस्तावात तुम्ही काय लिहिलं होतंत?

टिटवी
प्रस्तावात असं आहे की डिफॉल्ट मोड (विश्रांतीत सक्रिय असणारं) आणि सेलियन्स नेटवर्क (महत्त्वाच्या गोष्टींकडे लक्ष वेधणारं) यांच्यातली जोडणी रुग्णांत क्षीण असेल. दोन्ही नेटवर्कमधले एएएल भागही तिथे नावानिशी दिलेत. संपूर्ण मेंदूचं विश्लेषण 'त्याशिवाय' म्हणून होतं.

सोनकी
अगं मग तुझा मुख्य प्रश्न एकच आहे! त्या दोन नेटवर्कमधल्या सगळ्या जोडण्यांची प्रत्येक माणसामागे एक सरासरी काढ, त्यावर एक टेस्ट कर. ४००५ चं करेक्शन तिथे लागतच नाही, कारण तू तो प्रश्न आधी कागदावर मांडला होतास. निकाल काहीही येवो, तो पेपरच्या सुरुवातीला लिही.

गणितकन्या
सहमत. संपूर्ण मेंदूही नेटवर्कच्या पातळीवर बघता येतो. सात नेटवर्क घेतली तर आतले ७ आणि आपसांतले २१, एकूण २८ खाने. बॉनफेरोनीनेही ०.०५ भागिले २८ म्हणजे ०.००१८ लागतो. नोबल आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये अशा मोठ्या एककांवरच्या पद्धतींची ताकद तपासली, ती चांगली निघाली.

पारिजात
इथे एक अडचण. एएएलचे भाग शरीररचनेवरून पाडलेले आहेत, त्यांना सात नेटवर्कमध्ये वाटताना एक-एक भाग दोन-दोन नेटवर्कवर पडतो. शेफरचा २०१८ चा अ‍ॅटलास त्यासाठी सोयीचा, त्यात प्रत्येक भागावर नेटवर्कची चिठ्ठी असते.

आकडेमोड
पारिजात, तत्त्वतः बरोबर, पण एएएलचा निकाल बघून झाल्यावर आता अ‍ॅटलास बदलू नये. मुख्य टेस्ट प्रस्तावातल्या एएएल भागांवरच. शेफर हवा तर पुरवणीत, तो नंतर केला असं लिहून.

पारिजात
हो, त्या क्रमाने मलाही मान्य.

टिटवी
सगळ्यांचे मनापासून आभार. हालचाल मॉडेलमध्ये घालून १०,००० परम्युटेशन केली. ३ च्या थ्रेशोल्डला पी आता ०.०८३. लांबच्या बऱ्याच जोडण्या जाळ्यातून गळाल्या. आकडेमोड यांचे दोन मुद्दे आणि हा आकडा घेऊन गाईडकडे गेले. त्यांनी आलेख बराच वेळ बघितला आणि मुख्य टेस्ट प्रस्तावाप्रमाणे करायला होकार दिला. एनबीएस तिन्ही थ्रेशोल्डसकट शोधक म्हणून पुरवणीत जाईल. पूर्ण मॅट्रिक्स देताना नेमकं काय काय द्यावं?

सोनकी
९० भागांची नावं त्यांच्या क्रमाने, दोन्ही गटांची सरासरी मॅट्रिक्स, फरकाची मॅट्रिक्स, प्रत्येक जोडणीची प्रमाण चूक आणि टी. मॉडेलमध्ये काय काय घातलं तेही. आणि फरक 'रुग्ण वजा निरोगी' आहे की उलट, ते फाईलमध्येच लिही. निम्म्या पुरवण्यांमध्ये तेच नसतं आणि मग दोन अभ्यास एकत्र करणारा माणूस चिन्हावर अडकून पडतो.